शीतगृहातला निळा पडदा

“माझा नवरा गारठून मरत होता आणि मी दोन भिंतींपलीकडे पत्ते खेळत होते.”

एवढं बोलून बाई रडायलाही विसरली. जावईबापूंच्या अंगावर काटा आला. त्यांच्या सासूबाईंनी नुसता चष्मा पुसला. त्या खासगी तपास करायच्या. जावईबापू त्यांची गाडी चालवायचे आणि हमखास भलत्याच माणसावर संशय घ्यायचे.

बाई लसींच्या शीतगृहात कॅमेऱ्यावर नजर ठेवायला होती. नवरा आत माल लावायचा. काल दुपारी तो आत असताना कोणीतरी बाहेरून कडी घातली. आतली मूठ कधीचीच तुटलेली. ती बदलायला मालकाला सवड मिळाली नव्हती. नवी मोटार घ्यायला मिळाली होती. आता नवरा दवाखान्यात बेशुद्ध होता आणि पोलीस म्हणत होते, बायकोनंच डोळेझाक केली.

“नीट सांग,” सासूबाई म्हणाल्या.

“अर्ध्या पडद्यावर कॅमेरा, अर्ध्यावर पत्ते. पाणी प्यायला उठले. परत येते तर सगळा पडदा निळा! गंभीर बिघाड, दुरुस्ती चालू आहे, संगणक बंद करू नका. आमच्याकडे मशीनला हात लावला की घरीच बसवतात. बसून राहिले. गाणी लावलेली होती, तेवढीच सोबत.”

“मग?”

“व्हरांड्यात जाऊन मेकॅनिकला फोन केला. तो म्हणाला, सरळ भिंतीतली पिन काढून परत लावा, मी निघालोच. आत आले तर मालक उभे. म्हणाले, पिनला हात लावू नकोस, आणि त्याला येऊ नको म्हणून कळव. पुन्हा बाहेर गेले. फोनवर बोलतानाही गाणं ऐकू येत होतं. तेच गाणं संपायच्या आत परत आले, तर पडदा सुरू. पत्त्यांचा डाव होता तसाच. आणि शेजारी, कॅमेऱ्यात... हे खाली पडलेले.”

शीतगृहात थंडाव्याच्या यंत्रांची घरघर चालू होती. जावईबापू दारातून डोकावले. दाराच्या आतल्या बाजूला ओरखडे होते. नखांचे. ते झटकन मागे सरले आणि कडी घट्ट धरून उभे राहिले, न जाणो, आपोआप लागली तर.

मेकॅनिक आधीच घामाघूम. “खोटा बिघाड दाखवणारं पान माझ्याकडं आहे, हो. गंमत म्हणून सगळ्यांना दाखवलं होतं. मालक काय, ह्यांचे दीर काय, पोट धरून हसले. वहिनी तेवढ्या रजेवर होत्या.”

धाकट्या दिराचा आवाज बसला होता. “दार मीच उघडलं. काल सकाळी मालकांच्या दारातच दादाशी भांडलो होतो, खरं आहे. बिघडलेल्या लसी पोरांना टोचू देणार नाही, उद्या तक्रार करतो म्हणाला. मी म्हटलं, गप्प बस, पोटावर पाय येईल.”

“हाच तो,” जावईबापू कुजबुजले.

“तोंड मिटा.”

मालक मोटारीची किल्ली फिरवत आला. “मला कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नाही. बंद केला, चालू केला, आला पडदा. देवाची कृपा.”

सासूबाईंनी पोलीस अधिकाऱ्याला बोलावलं आणि सगळ्यांना कॅमेऱ्याच्या खोलीत बसवलं.

“मशीन खरंच कोसळलं तर गाणं चालू राहील?” त्यांनी मेकॅनिकला विचारलं.

“छे! आवाजही जातो नाहीतर अडकतो.”

“म्हणजे पडदा खोटा. खाली कॅमेरा चालूच होता, फक्त झाकला होता. खोटा पडदा तू लावला असतास, तर पिन काढा म्हणाला नसतास. पिन काढली की तो जाणार आणि कॅमेरा परत दिसणार. बरं, मालक म्हणतात, बंद करून चालू केला. मग गाणं मध्ये तुटलं कसं नाही? मांडलेला डाव जागेवर कसा? मशीन बंद झालंच नाही. तुम्ही एक बटण दाबून पान मिटवलंत. ज्याला ओ की ठो कळत नाही, त्याला ते बटण बरं ठाऊक! आणि मेकॅनिकला अडवलंत, कारण त्यानं एका नजरेत आपलं पान ओळखलं असतं. तक्रार आज होणार होती. म्हणून कालच कडी.”

“मी कोणाला मारलेलं नाही!” मालक ओरडला. “दार वीस पावलांवर होतं. हिनं उठून बघायचं! निळं दिसलं म्हणून बसून राहा, असं मी सांगितलं होतं?”

“त्याच भरवशावर तर लावलंत,” सासूबाई म्हणाल्या.

मग अधिकाऱ्यानं मालकाच्या हातून किल्ली काढून घेतली.

तेवढ्यात दवाखान्यातून फोन आला. नवऱ्यानं डोळे उघडले होते. बायकोला विचारत होता.

बाई दारापर्यंत जाऊन थबकली. “कुठं होतीस, असं विचारलं तर काय सांगू?”

“खरं.”

“पत्त्यांसकट?”

“पत्त्यांसकट. त्यानं दुसऱ्या कोणाकडून ऐकू नये.”

जावईबापूंनी गाडी जोरात काढली. रस्ता मोकळा होता. मागच्या सीटवरून बाईचा बारीक आवाज आला,

“भाऊ, जरा हळू चालवा.”