छबीची फ्रेम, भाचेबुवांची काच

"सरका, सरका... काच आहे!"

असं ओरडतच तो दुकानात शिरला. छातीशी धरलेली काच पार नाकापर्यंत आलेली, वर फक्त दोन डोळे. छबीनं घाईघाईनं टेबलावरचे खिळे बाजूला सारले. त्यानं काच अलगद आडवी ठेवली, कोपऱ्यातली पाण्याची बाटली उचलून घटाघटा रिकामी केली आणि तोंड पुसत विचारलं, "मामा कुठंयत?"

"कुणाचे?"

"माझे."

"तुमचे मामा मी कशाला ठेवून घेऊ?"

त्यानं आता कुठे नीट पाहिलं. भिंतीवर त्याच फ्रेमच्या पट्ट्या, तेच टेबल, पण मामांच्या जागी केसांत लाकडाचा भुसा अडकलेली एक मुलगी. त्याचे कान लाल झाले.

"म्हणजे हे... शेजारचं दुकान?"

"शेजारचं ते. हे आमचं."

"मग हे पाणी—"

"तेही आमचंच."

तो हसला. अगदी मोकळं, स्वतःवरच हसावं तसं. "पण माझी तरी काय चूक? दोन्हीकडे तोच हिरवा बोर्ड, तीच अक्षरं, जुळी भावंडं जशी! माणूस चुकणारच ना?"

काच उचलून तो गेला. तो गमतीनं बोलला होता, पण छबीच्या मनाला ते लागून राहिलं. कारण ते खरं होतं.

फोटो फ्रेम करायचं हे दुकान तिच्या बाबांचं. त्यांनीच लाडानं तिचं नाव छबी पाडलेलं. पक्षाघाताच्या झटक्यानं त्यांचा उजवा हात गेला, बोलणं जड झालं, तेव्हापासून दुकान तिच्या अंगावर आलं. कोपऱ्यावर तयार फ्रेमांचं मोठं चकचकीत दुकान उघडलं होतं आणि शेजारचे मामा तर पक्के. छबीनं दिवे बदलले की आठवड्यात मामांचे दिवे बदलत. तिनं भाव उतरवला की मामा आणखी उतरवत. दोघांचंही नुकसान, पण माघार कोण घेणार?

मामांच्या हाताखाली आलेल्या या भाच्याला गल्लीनं लगेच 'भाचेबुवा' करून टाकलं. दुपारी दोन्ही दुकानं रिकामी असली की तो चहाचा कप घेऊन पायरीवर बसायचा. छबी तिच्या पायरीवर. बोलणं आधी काचेवर, मग लाकडावर, मग कशावरही...

"तुमच्या केसांत रोज भुसा असतो. मुद्दाम ठेवता का?"

"हो. गिऱ्हाइकाला कळायला नको, हे दुकान कुणाचं ते?"

तो हसायचा आणि बघत राहायचा. ती नजर वळवायची, पण लगेच नाही.

एके दिवशी एक म्हाताऱ्या बाई दुकानात आल्या. निवृत्त शिक्षिका. नुकत्याच गेलेल्या नवऱ्याचा फोटो फ्रेम करायला घेऊन आल्या होत्या. फ्रेम तयार झाली तेव्हा पुटपुटल्या, "आता हा लावून कोण देणार? वर चढणारे तर हेच होते."

छबी हातोडी घेऊन त्यांच्या घरी गेली. सगळे ठोकतात तसा, उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर खिळा ठोकला, फोटो टांगला. बाई खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसल्या आणि गप्पच झाल्या. छबीला वाटलं, रडू आलं असेल. मग तिच्या लक्षात आलं. ती स्वतः त्या खुर्चीत बसली. काचेवर खिडकीचा उजेड चकाकत होता. फोटोत चेहराच नव्हता... नुसता पांढरा चौकोन.

तिनं खिळा उपटला. भिंत बदलली, फोटो खाली घेतला. पुन्हा खुर्चीत बसून पाहिलं, पुन्हा सरकवला.

बाई बसल्या. बराच वेळ पाहत राहिल्या.

"हं," त्या हळूच म्हणाल्या, "आता दिसले."

छबी परतली ती काही वेगळंच मनात घेऊन. पायरीवर तिनं भाचेबुवांना सगळं सांगितलं. "आपण फ्रेम करून देतो आणि हात झटकतो. पण माणूस ती बघतो कुठून? झोपून, बसून, स्वयंपाक करताना... मी यापुढे घरी जाऊन लावून देणार. जिथून बघायचं तिथं आधी मी बसणार."

तो तिच्याकडे नुसता पाहत राहिला. चहा निवून गेला.

तिसऱ्या दिवशी सकाळी मामांच्या दारावर नवा बोर्ड झळकला: 'घरी येऊन फोटो लावून मिळतील.'

छबी रस्त्यातच थांबली. भाचेबुवा धावत बाहेर आला.

"तुम्हीच सांगितलंत ना?"

"सांगितलं... जेवताना. पण कौतुकानं हो! तुमच्याबद्दल बोलायला मला काहीतरी निमित्त—"

"कौतुक असं दारावर टांगतात?"

त्या दुपारी ती पायरीवर आली नाही. नंतरही नाही.

संध्याकाळी तिनं बाबांना सगळं सांगितलं. बाबांनी जड जिभेनं, शब्द जुळवत विचारलं, "शेजारचे... बसून... बघतात का?"

छबीनं बाबांच्या निर्जीव हातावर डोकं टेकलं आणि पोटभर रडून घेतलं.

ते बसून बघत नव्हते. मामा खिळा ठोकून दहा घरं उरकायचे, छबी मोजकीच करायची. पण तिच्या घरांतली माणसं दुसऱ्यांना सांगू लागली. "ती मुलगी आधी आपल्या खुर्चीत बसते हो!" हळूहळू लोक चकचकीत दुकान ओलांडून तिचं दार शोधत येऊ लागले.

शेजारी मात्र रोज खडाजंगी. भाचेबुवानं तो बोर्ड स्वतःच्या हातानं उतरवला होता. "ज्या ताटात जेवतोस त्यातच माती कालवतोस?" मामा कडाडले. "मामा, दुसऱ्याचं उचलून किती दिवस चालणार?" एवढंच तो म्हणाला. त्याचा हात काचेवर बसलेला. त्यानं आरसे करायला घेतले. लहान खोल्यांना उजेड देणारे, कपाटाच्या दारांवरचे, तिरप्या भिंतींवरचे. मामांनी चार महिने तोंड फिरवलं. मग कामं इतकी वाढली की तेच मापाची टेप घेऊन पुढे निघू लागले.

छबीला हे सगळं दिसत होतं. राग कधीच विरला होता. पण आपण होऊन बोलायचं कसं?

नव्यानं संसार मांडलेल्या एका जोडप्यानं तिला फोटो लावायला बोलावलं. ती गेली तर तिथं तो. भलामोठा आरसा भिंतीला टेकवून दोन्ही हातांनी तोलत उभा.

"जरा ते स्क्रू देता? हात अडकलेत."

तिनं स्क्रू उचलले. दिले मात्र नाहीत.

"बोर्ड तुम्ही उतरवलात, मला सांगितलं का नाहीत?"

"सांगून काय मिळवायचं होतं? चूक माझी होती." त्याचा आवाज खाली गेला. "त्या दिवशी मामांना मी तुमची युक्ती सांगायला गेलोच नव्हतो. मला ही मुलगी आवडलीय, हे सांगायला गेलो होतो. धीर झाला नाही... आणि भलतंच बोलून बसलो."

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. छबीच्या मुठीत स्क्रू रुतत होते.

"आता झाला धीर?"

"आता हात अडकलेत, पळता येत नाही म्हणून... छबी, माझ्याशी लग्न करशील?"

तिनं एक स्क्रू लावला. मग दुसरा. खूप सावकाश.

"मामा म्हणतील, मधली भिंत पाडा, एकच मोठं दुकान करा," ती म्हणाली.

"म्हणतीलच. मग?"

"भिंत राहू दे. तुझं काम तुझं, माझं माझं." शेवटचा स्क्रू फिरवून तिनं त्याचे दुखरे हात काचेवरून सोडवले आणि आपल्या हातात घेतले. "संध्याकाळी दोघं आपापलं कुलूप लावू... आणि एकाच घरी जाऊ."