मितालीची रेघ

ही गोष्ट खरी आहे.

कमळाकर गवंडी सांगतो म्हणून खरी नाय. त्याच्या शब्दावर तर त्याची बायकोसुद्धा भरवसा ठेवत नाय. तीस वर्षं या माणसाने भिंतींना गिलावा केला आणि तीस वर्षं लोकांना टोप्या घातल्या. एकदा तर स्वतःच मेल्याचा निरोप धाडला. भगीरथ वाणी दुकान बंद करून, डोळे पुसत, हार घेऊन आला, तर हा ओट्यावर बसून भाकर खात होता.

खरी आहे, कारण शेवट चाळीस माणसांनी बघितला. टोकावड्याच्या नाक्यावर, धडधडीत उजेडात.

आणि रात्रबित्र काय नव्हती. गेल्या वर्षी दिवाळी उलटून बारावा दिवस. मंगळवार. जे झालं ते भर दुपारी, अनिलच्या घरात, आतल्या खोलीत.

सकाळी भगीरथच्या दुकानासमोर चहा चालला होता.

“आज अनिलच्या भिंतीला निरू मारतोय,” कमळाकर मिशीला पीळ देत बोलला. “अशी भिंत काढतो, माशी बसली तर घसरून पडंल.”

“तुझी भिंत?” भगीरथ तराजू पुसत होता. “माझी मोरी केलीस ना, ती दिवसा भिंत दिसते. रात्री बल्ब लावला का माळशेज घाट.”

“लाव पैज!”

“लावतो. संध्याकाळी बॅटरी भिंतीला आडवी चिकटवून धरू. सरळ उजेडात सगळ्यांच्या भिंती चांगल्या दिसतात. आडव्या उजेडात एक जरी वळी दिसली, तर मिशी उतरवायची. महादू न्हाव्याच्या खुर्चीत. नाक्यावर. सगळ्यांदेखत.”

ती मिशी म्हणजे कमळाकरचा जीव. लग्नातली. बापाचं तेरावं घातलं तेव्हा डोकं भादरलं, पण मिशीला महादूला हात लावू दिला नव्हता.

“आणि नाय दिसली तर?”

“तर मी बायकोचं लुगडं नेसून दिवसभर दुकान चालवीन.”

“हिरवं नेस. तुला हिरवं खुलतं.”

सगळे खिदळले. भगीरथही हसत हसत बोलून गेला, “पण एक जरी रेघ दिसली ना रे...”

आणि जीभ चावली.

कारण मागे अनिल उभा होता. आणि अनिलच्या घरात ‘रेघ’ हा शब्द कोणी काढत नसे.

अनिलला एकच मुलगी होती. मिताली. दर वाढदिवसाला तो तिला आतल्या खोलीच्या भिंतीला पाठ लावून उभी करायचा, डोक्यावर वही धरायचा आणि पेन्सिलीने रेघ मारायचा. सहा रेघा झाल्या. सातव्या वाढदिवसाच्या आधी पोरीला मण्यार चावली.

अनिलने त्या सहाही रेघांवर रंग फासला.

पुढच्या वाढदिवसाला भिंतीवर रेघ आली.

चार बोटं वर.

अनिलने रंग फासला. पुढच्या वर्षी परत आली... अजून वर.

आठ वर्षं हे चाललं होतं. सगळा गाव म्हणे, रंजिता काढते. अनिलची बायको. बिचारीच्या डोक्यावर परिणाम झालाय. रंजिता कधी भांडली नाय. एवढंच बोलायची, “मी नाय काढत. वाढते ती.”

त्या मंगळवारी मितालीचा वाढदिवस होता.

अनिलने कमळाकरला बाजूला घेतलं. “दादा, रंजिताला काल आटगावला भावाकडे धाडलीय. आज संध्याकाळी येईल. तू सकाळी माल मार, घर आतून बंद कर. ती घरात नसताना रेघ नाय आली, म्हणजे तीच काढते. उद्या सकाळी सहाची जीप सांगितलीय. ठाण्याला डॉक्टर आहेत, दोन-तीन महिने ठेवून घेतात.”

“ती जाईल?”

“नाय गेली तर उचलून नेईन.”

कमळाकरने रंजिता वहिनीच्या हातच्या तांदळाच्या भाकऱ्या वीस वर्षं खाल्ल्या होत्या. त्याला ते ‘उचलून’ आवडलं नाय. पण तोही गावातलाच. त्यालाही वाटायचं, तीच काढते.

“आणि रेघ आली तर?” त्याने डोळा मारून विचारलं.

अनिल हसला नाय. “बंद घरात कोण काढणार? तू?”

अकरा वाजता कमळाकरचा माल मारून झाला. निरू म्हणजे गिलाव्यावरचा चुन्याचा पातळ हात, दुधावरच्या सायीसारखा. दाराला आतून कडी. खिडक्या बंद, पंखा बंद. वारा लागला की निरू तडकतो.

आता थांबायचं. यातच गवंड्याची अक्कल. भिंतीला अंगठा लावून बघायचा. अंगठा रुतला, तर अजून थांब. नुसता गार लागला आणि ठसा उठला नाय, तर पाट्याला चिकटवलेला स्पंज पाण्यात बुडव, पीळ आणि गोल गोल फिरव. बारीक भोकं बुजतात, वर मलई येते. मग लोखंडी गुरमाळा ओढला की काच.

कमळाकर पालथ्या घमेल्यावर तंबाखू मळत बसला. शेजारच्या खळ्यावर भाताची झोडणी चालली होती.

थप्. थप्. थप्.

साडेबाराला अंगठा रुतेना. त्याने स्पंज भिजवला. पिळला. खालून वर डोक्यापर्यंत घेत गेला.

सर्र... सर्र... सर्र...

तेवढ्यात त्याच्या लक्षात आलं...

झोडणी थांबली होती.

कोंबड्या नाय. पोरं नाय. लांब रोडवरून जाणाऱ्या एसटीचा आवाजसुद्धा नाय.

जेवायला गेले असतील, असं म्हणून तो स्पंज बुडवायला वाकला.

आणि मागे कोणीतरी श्वास आत घेतला.

घेतला... आणि धरून ठेवला.

कमळाकर गर्रकन वळला. खोली रिकामी. कडी जागच्या जागी.

त्याने भिंतीकडे बघितलं.

जिथे आत्ता स्पंज फिरवला होता, तिथे...

रेघ होती.

आडवी. सरळ. वहीएवढी लांब. त्याच्या नाकाच्या उंचीला.

पहिला विचार काय आला असेल? पैजेचा! “भगीरथ्या, भडव्या, खिडकीतून हात घातलास काय?” तो ओरडला. खिडकी बघितली. खिट्टी आतून लागलेली.

गुरमाळ्याचं टोक लागलं असेल, म्हणत त्याने स्पंज भिजवून रेघेवर फिरवला. रेघ गेली. पण रेघेच्या खाली स्पंज घसरला.

त्याने हात लावला. पाणी मोत्यासारखं ओघळत होतं.

तेल.

रोज भिंतीला डोकं टेकून बसणाऱ्याचा जसा डाग पडतो, तसा गोल, डोक्याएवढा डाग. ताज्या निरूवर. दीड तासापूर्वी लावलेल्या निरूवर.

वास खोबरेल तेलाचा.

कमळाकर तीस वर्षं लोकांना भुताच्या गोष्टी सांगून घाबरवत आला होता. त्याला ठाऊक होतं, अशा वेळी माणूस पळतो. पण त्याची नजर तेलाच्या डागावरून वर सरकली...

रेघ परत आली होती.

त्याच जागी.

आणि आता तो श्वास अगदी जवळ होता. धरून ठेवलेला. पोरं उंची मोजताना धरतात तसा... छाती फुगवून, मान ताणून.

कमळाकरला एकदम आठवलं. दर वाढदिवसाला तो शेजारी म्हणून तिथेच असायचा. मिताली लबाड. बापाने वही धरली की हळूच टाचा उचलायची. आणि कमळाकर दारातून ओरडायचा, तेच आज त्याच्या तोंडून निघालं. त्याला बोलायचं नव्हतं. निघालंच.

“टाचा टेकव गो... फसवतेस काय?”



मग खाली, भिंतीच्या पायाशी...

टप्.

ओल्या फरशीवर उघडी टाच टेकल्यासारखा आवाज.

आणि त्याच्या डोळ्यांसमोर, ओल्या निरूत, एक रेघ डावीकडून उजवीकडे सरकत गेली.

दोन बोटं खाली.

पुढे त्याने जे केलं, त्याचं त्यालाही नवल वाटतं. त्याने स्पंज उचलला आणि दोन्ही रेघा पुसल्या. तेलाचा डाग पुसला. गुरमाळा ओढला. भीतीने डोकं चालेना, तेव्हा हात त्यांना येतं ते काम करतात. गोल, गोल, गोल. भिंत काचेसारखी झाली तरी तो पुसत होता.

शेजारी परत झोडणी सुरू झाली, तेव्हा कुठे त्याने कडी काढली.

पाचला भगीरथ बॅटरी घेऊन आला. मागे आठ-दहा जण. दार लावून अंधार केला. बॅटरी भिंतीला चिकटवली. उजेडाचा पट्टा या टोकाकडून त्या टोकाकडे सरकला.

वळी नाय. खड्डा नाय.

रेघ नाय.

“मेलो!” भगीरथने कपाळाला हात लावला. “च्यायला, हिरवंच नेसू ना रे?”

सगळे हसले. कमळाकर हसला नाय. तो अनिलकडे बघत होता.

“बघितलंत ना सगळ्यांनी?” अनिल सगळ्यांकडे वळला. “ती घरात नाय, तर रेघ नाय. आठ वर्षं मी म्हणत होतो.” आणि त्याने खिशातून फोन काढला. “हॅलो, उद्याची जीप नक्की ना? सहाला. हां, मागे दोन माणसं लागतील बसायला. ती हात सोडवून घेईल.”

गप्प राहिला असता, तर कमळाकर जिंकला होता. मिशी शाबूत.

“रेघ आली होती,” तो बोलला.

खोलीत हशा पिकला.

“आली होती रे. तीनदा. मी पुसली. वहिनी आटगावला असताना आली. आईची शप्पत!”

“तुझ्या आईची शप्पत?” भगीरथ म्हणाला. “तू मेल्याचा निरोप पण आईच्याच शपतेवर धाडलेलास!”

पुन्हा हशा. अनिलने तर बघितलंही नाय त्याच्याकडे. आयुष्यभर केलेली मस्करी आज कमळाकरच्याच अंगावर उलटली. खरं सांगायला त्याच्याकडे शब्दच उरला नव्हता.

मिशी होती.

तो कोणाशी न बोलता बाहेर पडला आणि सरळ नाक्यावर गेला. काय नवीन नाटक म्हणून सगळे मागोमाग. अनिलही आला. पावणेसहाच्या एसटीने रंजिता यायची होती.

कमळाकर महादू न्हाव्याच्या खुर्चीत बसला.

“उतरव.”

“काय?”

“मिशी. मी हरलो. भिंतीवर रेघ आलेली.”

वडापाववाला, रिक्षावाले, शाळेची पोरं, सगळे जमले. शिट्ट्या वाजल्या. महादूने फेस लावला, वस्तरा टेकवला आणि थांबला. “दादा, मस्करी ना?”

“उतरव म्हणतो ना.”

वस्तरा फिरला. मिशीचा एक भाग फेसासकट मांडीवर पडला.

मग कोणी हसलं नाय.

कमळाकरच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो पुसत नव्हता. भगीरथ हळूच बोलला, “अरे, जिंकलेला माणूस मिशी कशाला उतरवंल?”

महादूने दुसरी बाजू उतरवली.

अनिल गर्दीतून पुढे आला. त्याचं तोंड पांढरं पडलं होतं. त्याने फोन कानाला लावला. “उद्या नको येऊस. नाय. नकोच.” फोन ठेवला. मग, आठ वर्षांत ज्याने मुलीचं नाव तोंडातून काढलं नव्हतं, त्याने सगळ्यांसमोर विचारलं,

“दादा... किती झाली?”

कमळाकर खुर्चीतून उठला. गळ्यात टॉवेल, ओठावर फेस. त्याने हात पुढे केला, तळवा जमिनीकडे, उघड्या ओठाच्या जरा खाली.

“एवढी.”

तेवढ्यात एसटी येऊन थांबली. रंजिता पिशवी घेऊन उतरली. तिला कोणी काय सांगितलं नव्हतं. ती गर्दीत शिरली, आणि ना अनिलकडे बघितलं, ना कमळाकरच्या भादरलेल्या तोंडाकडे.

ती त्याच्या तळव्याखाली बघत होती.

“दमलीस गो?” तिने विचारलं.

कमळाकरने हात खाली घ्यायला बघितला...

हात खाली जाईना.

तळव्याला काहीतरी लागत होतं. ऊन. तेलकट. आणि हळूहळू... वर सरकत होतं. दोन बोटं.

महादू वस्तरा धरून तसाच उभा. एसटीच्या कंडक्टरने घंटी मारली नाय. तो हात हवेत किती वेळ तसाच राहिला, यावर नाक्यावर अजून एकमत नाय. कोण म्हणतं मिनिटभर, कोण म्हणतं एसटी सुटेपर्यंत.

कमळाकर म्हणतो, तिने डोकं काढून घेईपर्यंत.