बारा जणींची रोवणी

सुनीतीची नजर पक्की, हे बालाघाट शहरात कोणीही सांगेल. तीस वर्षं तिनं सरकारी शाळेत चित्रकला शिकवली. भिंतीवरचा कागद बोटभर वाकडा असला तरी तिला दारातूनच कळायचं. भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या, की बाई सरळ उठून चहा ठेवायची. या नजरेपायीच दिल्लीतल्या एका खासगी संग्रहालयानं तिला आपल्या आश्रयदाता समितीत घेतलं होतं.

समितीचं काम साधं. बाकीच्या सभासदांनी वर्गणी घालायची आणि सुनीतीनं नजर. मध्य भारतातल्या आडगावी आज कोण काय रंगवतंय ते हुडकायचं, फोटो आणि माहिती पाठवायची. मग सगळ्यांनी वर्षातून दोनदा बसून हात वर करायचे, आणि पसंत पडलेलं काम संग्रहालयात जायचं.

रामपायलीची अनुसया तिनंच हुडकली. दुसऱ्याच्या धानात राबणारी बाई. तांदळाची रिकामी पोती उसवून ती एकाला एक जोडायची, आणि खाणीकडची काळी माती नि तांदळाची पिठी घेऊन त्यावर रंगवायची. तिचं नऊ फुटी काम पाहून सुनीती खालीच बसली. बारा बाया रांगेनं वाकून धानाची रोवणी, म्हणजे लावणी, करत होत्या. रोवणीत बाई मागं-मागं सरकते. पुढ्यात लावलेलं धान, पाठीमागं मोकळा चिखल. अनुसयानं त्या पाठीकडून काढल्या होत्या. वर रोपांच्या बारीक ओळी, खाली कडेपर्यंत नुसतं काळं. तोंड एकीचंही दिसत नव्हतं.

आणि इथंच सुनीतीची मती फिरली. तिची मुलगी ओवी कलेची पदवी घेऊन चार वर्षं घरी बसली होती. पोरीचा हात चांगला, पण काम उभं राहत नव्हतं. हिचं एकदा मार्गी लागावं, एवढंच सुनीतीच्या डोक्यात. अनुसया चित्रावर सही करत नसे. सुनीतीनं ते काम दाखवायला म्हणून घरी आणलं आणि प्रस्तावात कलाकाराच्या जागी ओवीचं नाव लिहिलं. हे बरं नाही, असं ओवी एकदाच म्हणाली. समितीत सगळे हात वर गेले.

पेपरात ओवीच्या नावानं चित्राचा फोटो आला तशी अनुसया दारात येऊन उभी राहिली. रडली नाही, की भांडली नाही.

"काहून बाई, मायं नाव लिवाले जागा नव्हती का?"

अशा ठिकाणी शिकलेलं माणूस लागतं, पुढच्या वेळी तुझं नक्की पाठवू, असं सुनीतीनं तिला समजावलं. आता हिला काय म्हणावं! अनुसयानं सगळं ऐकून घेतलं. जाताना पेपरातल्या त्या बारा बायांवर बोट ठेवून म्हणाली, "आता त्याच येतीन." भादव्यात तापाचं निमित्त झालं आणि ती गेली. सुनीती मयतीला गेली नाही. कोणत्या तोंडानं जाणार होती?

संग्रहालयाची एक शिस्त असते. काम हललं, की दर वेळी इंच-इंच तपासून त्याच्या अवस्थेची नोंद करायची. डाग कुठं, दोरा कुठं सुटला, सगळं. बालाघाटात पेटी बंद करताना सुनीतीनं स्वतः टेप लावून लिहिलं होतं, बायांच्या टाचांपासून खालच्या कडेपर्यंत सव्वीस इंच. दिल्लीत पेटी उघडली आणि तिथल्या नोंदी सांभाळणाऱ्या रीनाचं पत्र आलं. एकोणीस इंच भरतात, आपल्याकडून मोजताना चूक झाली असावी.

सुनीतीला राग आला. टेप तिनं जन्मात कधी चुकीचा वाचला नव्हता. तीन आठवड्यांनी दुसरी नोंद आली, अकरा इंच. रंग जुनाच, सुकलेला. कापडाला ताण नाही. तिनं फोटो मोठा करून रोपांच्या ओळी मोजल्या. पेटी भरतानाच्या फोटोपेक्षा आठ ओळी जास्त होत्या. चष्मा पुसून पुन्हा मोजल्या, तरी आठच.

ओवी त्याच सकाळी संग्रहालयातल्या प्रदर्शनाच्या उद्घाटनासाठी दिल्लीला निघाली होती. सुनीतीनं गाडी काढली आणि भर दुपारी रामपायली गाठली. अनुसयाची जाऊ गोदाबाई ओसरीत तांदूळ पाखडत होती. तिनं पाणी दिलं, पण बस म्हणाली नाही. सुनीतीनं आडून-आडून विचारलं, रोवणी सरकत कडेला आली की पुढं काय होतं.

"कडेच्या धुऱ्यापावतर आल्या का रोवणी सरली," गोदाबाई म्हणाली. "मंग समद्या उभ्या होतेत, अन् मालकाले धरून बांधीत, चिखलाच्या वावरात, नेतेत. चिखलानं माखवतेत. हासी-मजाकच असते थे. मालक जेवाले घालते, मंग सोडतेत."

"आणि नाही घातलं तर?"

गोदाबाईनं सूप खाली ठेवलं. "कागदावर नाव कोनाचं हाये, बाई? थोच मालक."

परतताना वाटेतलं वारासिवनी कधी मागं पडलं ते सुनीतीला कळलं नाही. घरी येताच तिनं समितीला खरं ते सगळं लिहिलं. काम अनुसयाचं, चोरी माझी, ओवीचं नाव आत्ताच्या आत्ता काढा. तासाभरात उत्तर आलं, फार अदबीचं. आपल्या प्रामाणिकपणाबद्दल आभार. नाव मात्र समितीच्या ठरावानं लागतं आणि ठरावानंच बदलतं. पुढची बैठक जानेवारीत आहे, तेव्हा हा विषय अवश्य घेऊ.

जी रीत इतके दिवस तिच्या सोयीची होती, तीच आता तिच्या छाताडावर बसली.

रात्रभर ओवीचा फोन लागला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी चारला तिनंच व्हिडिओ कॉल केला. नवी साडी, आसपास समितीची मंडळी. पाठीशी ते काम.

खाली काळं उरलंच नव्हतं.

"ओवी, तिथून बाजूला हो. आधी बाहेर निघ."

"आई, अभी नहीं ना. समितीचे सगळे पॅट्रन आलेत." ती हसली. मग तिनं नाक आखडलं. "इथं चिखलाचा वास काहून येऊन राह्यला?"

तिच्या खांद्यामागं एक पाठ सरळ झाली. मग दुसरी.

सुनीती ओरडली. काय ओरडली ते तिला नंतर सांगता आलं नाही.

ओवीनं मागं वळून पाहिलं.

फोन हातातून सुटला असावा. पडद्यावर छत दिसत राहिलं, आणि टाळ्या ऐकू येत राहिल्या. बराच वेळ.

सहा वाजता रीनाचं पत्र आलं, नेहमीसारखं नीटनेटकं. काम उत्तम अवस्थेत आहे. कुठं उसवलेलं, सुटलेलं काही नाही. टाचा दिसत नसल्यानं या वेळी खालचं अंतर मोजता आलं नाही.

कलाकार जेवणासाठी थांबल्या नाहीत. त्यांच्या चपला चित्रापुढं नीट जोडून ठेवलेल्या सापडल्या. त्या कोणत्या पत्त्यावर पाठवाव्यात, हे कृपया कळवावं.