वेलीच्या अंगातली साखर

एकाच वेलीच्या दोन काड्या. एक उबदार खोलीत वाढली, दुसरी बाहेर बर्फात उभी राहिली. मेली मात्र उबेतली. असं कसं?

शलाकाला सकाळपासून हेच कोडं पडलं होतं. लडाखमधल्या नव्या वसाहतीत ती, आई वृंदा आणि आप्पा, म्हणजे आईचे वडील, राहायचे. आप्पा द्राक्षांचे शास्त्रज्ञ. गोड, बिनबियांची लाल द्राक्षं आणि बर्फाळ प्रदेशातली रानवेल यांचा संकर (दोन जातींचं मीलन) करून त्यांनी थंडी सोसणारी नवी जात तयार केली होती. खाली महाराष्ट्रात, तासगावात असलेली या जातीची बाकी सगळी रोपं पुरात गेली. उरल्या त्या या दोनच वेली. बी नाही, म्हणजे पेरायचीही सोय नाही.

शरदात दोन्हींची पानं पिवळी पडून गळायला लागली, तेव्हा वृंदाला राहवेना. त्यातली एक जास्तच आजारी दिसते म्हणून तिनं आत आणून हीटरजवळ ठेवली. तिला नवी पानं फुटली, वृंदा खूश झाली. काल वादळात हीटर बंद पडला आणि माळीदादा या यंत्रमानवानं धोक्याची घंटा वाजवेपर्यंत ती पानं उकडलेल्या पालकासारखी लोळून पडली होती.

आप्पा रागावले नाहीत. त्यांनी शलाकाला दोन वाट्या आणायला सांगितल्या. एकीत पाणी, दुसरीत साखरेचा घट्ट पाक. वाट्या बाहेर ठेवायला शलाका निघाली, तर वृंदानं आधी तिची टोपी, मग मफलर, मग पुन्हा टोपी नीट केली. माळीदादानं विचारलं, की पोरगी उन्हाळ्याआधी पोचेल ना दारापर्यंत?

संध्याकाळी पाण्याचा दगड झाला होता. पाक मात्र चमच्यानं ढवळता येत होता.

मग आप्पांनी समजावलं. वेलीच्या पेशींत (सजीवांच्या शरीरातल्या अतिसूक्ष्म कप्प्यांत) पाणी असतं. ते आतच गोठलं तर बर्फाचे टोकदार कण पेशी फाडतात. दिवस लहान होऊ लागले, गारवा वाढू लागला, की वेल तयारीला लागते. साठवलेल्या पिष्टाची (स्टार्चची) साखर करते, पेशींतलं थोडं पाणी बाहेरच्या फटींत सोडते. बर्फ झालाच तर तिथं होतो, आत पाक राहतो. याला शीत-अनुकूलन (हळूहळू थंडीला सरावणं) म्हणतात. पानं गाळणं हा त्या तयारीचाच भाग. उबेतल्या वेलीला वाटलं, हिवाळा आलाच नाही.

वृंदानं ती लोळलेली पानं हातात घेतली. मग म्हणाली, “म्हणजे मीच मारली तिला.”

“तू तिला जपलीस, बाळ,” आप्पा म्हणाले. “तिला थोडं गार लागू द्यायला हवं होतं, एवढंच. मीही सांगायला हवं होतं.”

पण बाहेरची तरी जिवंत होती का? ती नुसती काळपट काठी दिसत होती. तीही गेली असेल, तर आप्पांची जात संपली.

तिघं बाहेर गेली. आप्पांनी शलाकाला नखानं साल जराशी खरवडायला सांगितलं. वृंदानं डोळे मिटून घेतले.

“आई, बघ ना,” शलाका हळूच म्हणाली. “हिरवी आहे.”

सालीखाली ओला, कोवळा हिरवा रंग होता.

वृंदानं अंगावरची शाल काढली. आता ही वेलीला गुंडाळणार, असं शलाकाला वाटलं. पण आईनं ती आप्पांच्या खांद्यांवर टाकली. “यांच्या पेशींना नाही जमत ते,” ती डोळे पुसत म्हणाली.

आप्पा हसले आणि पुढचा बेत सांगू लागले. पुढच्या हिवाळ्यात या वेलीच्या काड्या छाटून रुजवायच्या. बी लागत नाही, प्रत्येक काडीतून हीच वेल पुन्हा उभी राहते. मग वरच्या गावांनाही द्यायच्या, जिथं अजून कुणी वेलीवरून द्राक्ष तोडलेलं नाही.

शलाका विचारत होती, पहिला घोस कुणी तोडायचा.