सुतकाचा ठेका

मोरिवलीतल्या त्या हळदीला सगळा मांडव पिवळाधम्मक होता आणि एकच माणूस काळा होता. काळा म्हणजे कपड्यांनी. काळा शर्ट, काळी पँट, काळे बूट, बोटात कवटीची अंगठी... नवऱ्या मुलाच्या कंपनीतला कुणी लॅबवाला होता म्हणे. हळद घेऊन कुणी जवळ आलं, की हा दोन्ही हात वर करून मागे सरकायचा. शेवटी नवऱ्याच्या आत्याने त्याला कोपऱ्यात गाठलंच, आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत असा काही माखला, की ऑक्टोपॅड वाजवता वाजवता नूतनला हसू फुटलं.

हसू फुटलं, पण ठेका सुटला नाही. हळदीत वाजवणारी बेंजो पार्टी तिच्या भावाची, हरेशदादाची. पॅडवाला ऐनवेळी आजारी पडला की दादा बहिणीला उभी करायचा, आणि एकदा नूतन उभी राहिली की गावाला पॅडवाल्याची आठवणही यायची नाही.

मधल्या सुट्टीत तो काळा माणूस रुमालाने तोंड पुसत तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

"तुम्ही स्लो वाजवता का हो?"

"काय?"

"स्लो. म्हणजे एकदम... संथ. प्रेतयात्रेसारखं."

नूतनने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "हळदीला आलात ना? इकडं स्लो वाजवलं तर लोक खुर्च्या फेकून मारतील."

"आणि आमच्याकडे फास्ट वाजवलं तर मी फेकून मारीन." तो हसला. पिवळ्या तोंडात त्याचे डोळे फारच काळे दिसले. "मी उन्मेष. बदलापूरला राहतो. आमचा रॉक बँड आहे. ड्रमर पळाला."

"का पळाला?"

"स्लो वाजवून कंटाळला."

असल्या आमंत्रणाला कुणी शहाणी मुलगी गेली नसती. नूतन गेली.

उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये बँडमधल्या मधूच्या बाबांचा जीन्स शिवायचा कारखाना होता. त्याच्या माळ्यावर हा बँड सराव करायचा. मधू बेस गिटार वाजवायचा, उन्मेष गिटार वाजवायचा आणि गाणी लिहायचा. गाणी कसली? सगळी भुताखेतांची, विझलेल्या दिव्यांची, मेल्यावरही न सुटणाऱ्या प्रेमाची. याला गॉथिक रॉक म्हणतात, असं त्याने तिला फार गंभीरपणे समजावलं. पहिल्या अल्बमचं नावही ठरलं होतं— 'सुतक'.

नूतनच्या आईने ते नाव ऐकलं आणि हातातलं लाटणं तसंच वर राहिलं. "घरान लग्नाची पोरगी हाय न ही सुतक काढते! मेल्यांना दुसरा नाव नाय भेटला?"

पण दोन-तीन महिन्यांत नूतन ड्रमवर हळू वाजवायला शिकली. दोन ठोक्यांच्या मधली मोकळी जागा आधी तिला खायला उठायची. मग त्या जागेत तिला उन्मेषचा चेहरा दिसायला लागला, आणि ती जागा आवडायला लागली. चहा आला की तो आधी ग्लास स्वतःच्या तळहातावर टेकवून बघायचा आणि मग तिला द्यायचा. "गरम आहे हं... सावकाश." आता आनंदनगरच्या कंपनीत दिवसभर बाटल्यांची झाकणं पॅक करणाऱ्या मुलीला गरम चहा काय माहीत नव्हता? पण त्या 'सावकाश'साठी ती मुद्दाम घाईने हात पुढे करायची.

आणि मग आली जिज्ञासा.

ती उन्मेषची कॉलेजातली मैत्रीण. अल्बमला बाईचा आवाज हवा, म्हणून आली. लांब बोटं, काळी लिपस्टिक, आणि आवाज... तो आवाज वाईट असता तर नूतनने तिला सख्खी बहीण मानलं असतं. पण तो असा होता की पहिल्याच दिवशी खालचे कारागीर मशिनी थांबवून जिन्यात येऊन बसले. नूतनच्या पोटात तेव्हा जे पेटलं, ते पुढे विझायचं नावच घेईना.

"उन्मू, ही ओळ जरा खालून घेऊ का?" जिज्ञासा म्हणायची.

उन्मू! घरी त्याची आईसुद्धा त्याला उन्मेषच म्हणायची.

रेकॉर्डिंग अंबरनाथला, सम्यकच्या स्टुडिओत. स्टुडिओ म्हणजे तळमजल्यावरचा फ्लॅट. भिंतींना गाद्या ठोकलेल्या, मध्ये जाड काच. काचेच्या अलीकडे एकटी नूतन आणि ड्रम, पलीकडे बाकी सगळे. कानात हेडफोन, आणि त्यात फक्त गाणं. टेकच्या वेळी पंखा बंद. घाम पापण्यांवरून खाली येतो आणि पुसायला हात रिकामा नाही.

त्या काचेने तिचा घात केला. पलीकडचं दिसायचं सगळं, ऐकू काहीच यायचं नाही. जिज्ञासा वाकून उन्मेषच्या कानाशी काहीतरी बोलली. तो हसला. तिने त्याच्या खांद्यावरचा केस उचलून बाजूला टाकला. तो पुन्हा हसला. काय बोलली? कशाला हसला? आणि खांद्यावर केस होता, तर तो कुणाचा होता?

"कट!" हेडफोनमध्ये सम्यक ओरडला. "नूतन, पळतेयस. परत पळतेयस!"

'सुतक' हे अल्बमचं मुख्य गाणं. मेलेला प्रियकर तेरावं झालं तरी उंबऱ्यातच उभा असतो, आत येत नाही, जातही नाही. ते गाणं नूतनच्या हातात त्या दिवशी वरातीच्या घोड्यासारखं उधळलं. एकदा नाही, प्रत्येक टेकला.

शेवटी जिज्ञासा काचेच्या अलीकडे आली. "राग मानू नकोस हं. पण एवढ्या एका गाण्याला आपण ड्रम मशीन लावूया का? कम्प्युटर पळत नाही. तुझी सवय हळदीची, तुझा दोष नाही गं."

'तुझा दोष नाही' हेच नूतनला सगळ्यात जास्त लागलं. तिने उन्मेषकडे बघितलं. तो गिटारच्या तारेकडे बघत होता.

"लावा मशीन," ती म्हणाली आणि काठ्या तिथेच टाकून निघाली.

दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुटली, तेव्हा तो कंपनीच्या गेटसमोरच्या टपरीवर उभा होता. नूतन तोंड फिरवून पुढे गेली. मग मागे आली. तोंड फिरवून गेलं की समोरच्याचं तोंड दिसत नाही, ही रुसव्यातली मोठी अडचण.

"मशीन लागलं का?" तिने विचारलं.

"नाही अजून."

"का? उन्मूला आवडत नाही?"

तो हसणार होता, पण तिचा चेहरा बघून त्याने ते गिळलं. "नूतन, माळ्यावर तू कधी पळाली नाहीस. तिथंच का पळतेस?"

"गरम होतं."

"खरं सांग."

"डास होते."

"नूतन..."

"आमच्यात कुणी ठोके मोजत नाही!" ती एकदम बोलली. "मांडवात आपण नाचणाऱ्याचे पाय बघायचे. पाय सांगतील तसं वाजवायचं. मला दुसरं येत नाही. माळ्यावर मी तुला बघून वाजवते. आणि स्टुडिओत तुला बघितलं की तू... तू दुसरीकडं हसत असतोस. मग माझा जीव जळतो. हात पळतात. झालं समाधान?"

टपरीवाल्याने स्टोव्ह उगाचच बारीक केला. त्यालाही पुढचं ऐकायचं होतं.

"जिज्ञासा मला आवडते का, असं विचारायचंय तुला?" उन्मेष हळूच म्हणाला.

"नाही विचारायचं."

"मग मी सांगतही नाही." त्याने ग्लास खाली ठेवला. "तिला काढू का बँडमधून?"

हो म्हणायला नूतनची जीभ अगदी शिवशिवत होती. "नको," ती रडकुंडीला येऊन म्हणाली. "चांगली गाते ना ती... तेच तर दुखणं आहे."

त्यावर तो "रविवारी ये" एवढंच म्हणाला आणि बाईकला किक मारून गेला.

एवढं मन उघडं केल्यावर माणूस 'रविवारी ये' म्हणतो? नूतनने त्याला आठवडाभर मनातल्या मनात आगरी शिव्या घातल्या. काठ्या आणायच्या निमित्ताने जायचं, त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही, असं ठरवून रविवारी तिने ठेवणीतला ड्रेस काढला. ज्याच्याकडे बघायचं नाही, त्याने आपल्याकडे तरी बघावं ना!

स्टुडिओत शिरली तर आत आरडाओरडा चालला होता.

"तू वेडा झालायस का?" सम्यक डोकं धरून उभा होता. उन्मेषने आपला गिटारचा अँप्लिफायर उचलून ड्रमच्या खोलीत आणून ठेवला होता, आणि स्वतः ड्रमसमोर स्टुलावर बसला होता. पायातले काळे बूट दाराबाहेर काढून ठेवलेले. "अरे, ड्रमच्या माइकात गिटार शिरणार, गिटारच्या माइकात ड्रम. मग नंतर मला काही वेगळं करता येणार नाही. हिचा ठेका काढायचा म्हटलं, तर तुझी गिटारपण फेकावी लागेल!"

"हो."

"हो काय, हो? उद्या मशीन लावायचं ठरलं तर?"

"लावता येणार नाही."

"अरे, तेच तर सांगतोय मी!"

"मी पण तेच सांगतोय," उन्मेष म्हणाला. बोलत सम्यकशी होता, बघत नूतनकडे होता.

नूतनच्या मनातल्या सगळ्या शिव्या कुठल्या कुठे गेल्या. ती ड्रममागे बसली. तिथेच पडलेल्या काठ्या तिने उचलल्या.

"मला नाचता येत नाही," तो आपल्या अनवाणी पायांकडे बोट दाखवत म्हणाला. "पण पाय आहेत. बघ आणि वाजव."

पंखा बंद झाला. त्याचा उजवा पाय जमिनीवर हळू आपटायला लागला आणि नूतनचा हात त्याच्यामागे गेला. काचेपलीकडे कोण कुणाशी काय बोलतंय, तिने एकदाही बघितलं नाही. ठेका कुठेही पळाला नाही. शेवटची झांज वाजली, तिचा नाद खोलीत फिरत राहिला. तो पुरता विरेपर्यंत बोलायला बंदी असते. म्हणून जे काही बोलायचं, ते दोघांनी बघूनच घेतलं.

"ओके," सम्यकचा आवाज आला. "हाच टेक. आता हलवायचा नाही."

"जिज्ञासाने मला विचारलं होतं," उन्मेष तारांवर हात ठेवून म्हणाला. "मी तिला म्हटलं, माझं मन आधीच दुसरीकडे आहे. एका हळदीत गेलं, ते परत आलं नाही."

"मग मला सांगायला काय झालं होतं, गाढवा?"

"भीती वाटत होती. तू हातात काठ्या घेऊन बसतेस..."

तिने खरंच एक काठी उगारली. त्याने ती धरली, आणि मग काठीऐवजी तिचा हात.

गाण्याचा आवाज सगळ्यात शेवटी रेकॉर्ड व्हायचा होता. आत जाताना जिज्ञासा दारात थांबली. "छान वाजवलंस," ती नूतनला म्हणाली. "एक सांगू? मला खूप राग आलाय तुझा. पण गाणं होईपर्यंत राहू दे. उपयोगी पडेल."

आता नूतन काचेच्या पलीकडे, सम्यकच्या मशिनींशेजारी बसली होती, उन्मेषला खेटून. आतून जिज्ञासाचा आवाज आला— 'तेरावं झालं तरी मी उंबऱ्यातच उभी...' प्रियकराचं गाणं तिने स्वतःचं करून टाकलं होतं. तिचं काजळ गालावर उतरलं होतं, सूर मात्र तसूभर हलत नव्हता. इतकं सुरेल आपल्याला या जन्मी रडता येणार नाही, हे नूतनला कळून चुकलं, आणि जिंकूनसुद्धा पुन्हा एकदा पोटात जळलं.

"तिच्याकडे बघू नको," ती कुजबुजली.

"डोळे मिटलेत मी."

"ऐकू पण नको." असं म्हणून तिने त्याच्या दोन्ही कानांवर आपले हात घट्ट दाबून धरले. पुढचं सगळं गाणं मग तिने एकटीनेच ऐकलं, आणि रडलीही तीच.