शेवटच्या गाण्यानंतरची सूचना

काकासाहेबांच्या हॉटेलात ती रेकॉर्ड पहिल्यांदा लागली, तेव्हा निम्मं गाव मत द्यायला जमलं होतं. सोनईजवळच्या आमच्या गावात मतांची टंचाई कधीच नव्हती. त्या साली, बहात्तरला, टंचाई होती ती पाण्याची.

आदल्या वर्षी चैत्रातल्या जत्रेत मुंबईची चार लांब केसांची पोरं विजेच्या गिटारी घेऊन आली होती. आमच्या गावचा गोंधळी श्रीमंत त्यांच्यासोबत संबळ घेऊन बसला आणि गोंधळाची गाणी गिटारींवर झाली. पोरांनी सगळा कार्यक्रम शिट्ट्या-टाळ्यांसकट टेपवर घेतला. त्याचीच ही रेकॉर्ड. जत्रेत लाऊडस्पीकर माझा होता. दोन भोंगे आणि एक माईक, एवढाच माझा धंदा.

"गिटार म्हंजी कानाशी डास गुनगुनतोय," रंगुबाई म्हणाली.

"तू संबळ ऐक की गं," श्रीमंत भडकला.

काकासाहेबांना गर्दीत स्वतःची शिट्टी सापडली. त्या आनंदात त्यांनी सगळ्यांना फुकट चहा पाजला, हे नवलच.

मी कोपऱ्यात बसलो होतो. यायचं नव्हतं, बायकोनं, चांगुणानं आणलं. त्याच कार्यक्रमात आमची पाच वर्षांची बनू हरवली होती. मी तिला माझ्यामागे मशीनच्या पेटीवर बसवलं होतं. तिची एक खोड होती. सगळ्यांच्या टाळ्या थांबल्या की मग ती एकटी वाजवायची आणि खुदकन हसायची. शेवटचं गाणं संपलं, टाळ्या थांबल्या, तिच्या आल्या नाहीत. मी वळून पाहिलं. पेटी रिकामी होती. मग घसा फुटेपर्यंत मी माईकवर ओरडत राहिलो. विहिरी झाल्या, नगरची चौकी झाली, देवऋषीसुद्धा झाला. चांगुणाला वाटत होतं, रेकॉर्डवर निदान तिच्या टाळ्या तरी ऐकू येतील.

शेवटचं गाणं संपलं. टाळ्या थांबल्या. कुणीतरी घसा साफ केला.

"हिरवं परकर-पोलकं घातलेली मुलगी, नाव बनू, स्टेजजवळ उभी आहे. घरच्यांनी येऊन घेऊन जावं."

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या.

"सहादेव, तुजाच आवाज हाय की रं," काकासाहेब हळूच म्हणाले.

माझाच होता. बोलण्याआधी घसा साफ करायची सवयसुद्धा माझीच. पण मी असलं काही बोललो नव्हतो. मुलगी हरवली आहे, एवढंच मी त्या दिवशी ओरडत होतो, आणि माईक शेवटपर्यंत माझ्या हातात होता.

घरी जाताना चांगुणा वाटेतच थांबली. "ती तितंच हुती. तुमाला ठावं हुतं. आन मला हिरीत वाकून बगाया लावलं."

"अगं, मी बोललोच न्हाई तसं."

"मग कोन बोललं?"

ती पुढे चालू लागली.

मी तारांशी खेळणारा माणूस. कुणीतरी खोड काढली असणार, असं धरून मी नगरला गेलो, तीच रेकॉर्ड दुसरी विकत घेतली आणि दुकानातच लावायला सांगितली. टाळ्या झाल्या आणि सूचना न येताच सुई खरखरत मधल्या कागदापर्यंत गेली. दुकानदार म्हणाला, "शेवट फार छान आहे, नाही?" मला रडू आवरेना.

दुकानदाराचा जुना फोनो भाड्यानं आणून ती नवी रेकॉर्ड मी घरी लावली.

"मुलगी अजून स्टेजजवळ उभी आहे. घरच्यांनी लवकर यावं."

काकासाहेबांनी त्यांची रेकॉर्ड आमच्या दारात आणून ठेवली. "गानी बेस हायेत. पन गिऱ्हाईक उटून जातंय," एवढं बोलून ते माझ्याकडे न बघता गेले. नंतर कुणी त्या गाण्यांबद्दल मत दिलं नाही. रंगुबाईनंसुद्धा.

चांगुणा रोज रेकॉर्ड लावायला सांगे. गाणी चालू असताना ती भाकरी थापायची, शेवटचं संपत आलं की हात थांबवायची. माझ्याशी बोलणं तिनं सोडलंच होतं.

मग एका सकाळी माझा आवाज म्हणाला, "मुलीला तहान लागली आहे."

घरात एक तांब्या पाणी उरलं होतं. चांगुणानं तो उचलला.

"तुमी लेकीला बोलवा," ती म्हणाली. कितीतरी दिवसांनी ती माझ्याशी इतकं मऊ बोलली. "रेकॉर्ड लावा. मी पानी घिऊन तितं हुबी ऱ्हाते."

"उन्हाचं कुटं जातीस? तितं काय न्हाई, चांगुना."

"लावा म्हनते न्हवं."

तिला कसं अडवू? इतक्या दिवसांनी तिनं माझ्याकडे काही मागितलं होतं. मी सुई ठेवली.

एकेक गाणं गेलं. उंबऱ्यावरचं ऊन सरकलं.

शेवटचं गाणं.

टाळ्या.

घसा साफ झाला.

"मुलीची आई आली आहे."

मी अनवाणीच पळालो.

जत्रेच्या मैदानात कुणी नव्हतं. स्टेजच्या खांबांचे खड्डे तसेच होते. त्यांच्यापुढे चांगुणाच्या चपला शेजारी शेजारी काढलेल्या होत्या. तांब्या सरळ उभा होता.

रिकामा. आणि भोवतालची माती कोरडी ठणठणीत.

पुन्हा विहिरी झाल्या. पुन्हा चौकी झाली. या वेळी लोक मला धीर द्यायला आले नाहीत, लांबूनच बघत राहिले.

भोंगे मी विकले. फोनो तेवढा ठेवला. रोज रेकॉर्ड लावतो आणि शेवटच्या गाण्यासाठी थांबतो. गर्दी टाळ्या वाजवते, थांबते. मग एकटीच्या, उशिराच्या, लहान टाळ्या येतात. त्यांच्यासोबत चांगुणाच्या बांगड्याही वाजतात.

मग माझा आवाज घसा साफ करतो.

"कोणीही हरवलेलं नाही. कार्यक्रम संपला आहे. सगळ्यांनी आपापल्या घरी जावं."

मी घरातच बसलेला असतो.