इरावतीच्या कानातला हरवलेला डग्गा

तबल्याच्या जोडीत दोन वाद्यं असतात. उजवा तबला टणटणीत बोलतो, डावा डग्गा खोल घुमतो. ध्वनिमुद्रण भालेराव सरांचं, वाजवणारे दोन्ही हात त्यांचेच, तरी इरावतीला त्यातला एकच हात ऐकू येत होता. डग्गा गेला कुठे?

सर काही शेजारच्या गल्लीत नव्हते, की जाऊन विचारावं. ते चांद्रतळावर, म्हणजे चंद्रावरच्या माणसांच्या वसाहतीत, हवा शुद्ध करणारी यंत्रं सांभाळत आणि फावल्या वेळात पृथ्वीवरच्या मुलांना तबला शिकवत. तळाच्या वर्धापनदिनाच्या गाण्याला ते एका शिष्याची, पृथ्वीवरून मुद्रित करून पाठवलेली, साथ घेणार होते. रविवारी निवड होती आणि सरांनी आधीच सुनावलं होतं, “इरावती, तुझा उजवा हात बोलतो, डावा मुका आहे. मनगट सरकवून डग्गा कसा घुमवायचा, ते ऐक की जरा! रविवारी असंच वाजवलंस, तर यंदा तुला घेता येणार नाही.”

ऐकायचं कुठून? फोनच्या इवल्या स्पीकरमध्ये डग्गा औषधालाही नव्हता, आणि इअरफोनमध्ये असून नसल्यासारखा.

“इअरफोनच भिकार आहेत माझे,” ती आजोबांना म्हणाली. “तात्या, महागातले घ्यायला हवेत.”

तात्या निवृत्त ध्वनिशास्त्रज्ञ होते आणि पैसे खर्च करण्याच्या बाबतीत अजून नोकरीत असल्यासारखे सावध. “चल निकमशेठकडे,” ते म्हणाले. “जुने इअरफोनही घे. आणि खोक्यातली ती न फोडलेली पुडीसुद्धा.”

ती पुडी प्रत्येक घरात असते. इअरफोनसोबत लहानमोठ्या मापाच्या रबरी टोप्या मिळतात. माणसं वॉरंटीचा कागद जिवापाड जपतात आणि टोप्यांची पुडी फोडतसुद्धा नाहीत. चप्पल मात्र चार वेळा घालून, चालून बघतात.

सोबत घुम्या निघाला. घुम्या हा तात्यांचा यंत्रमानव. विचारल्याशिवाय बोलत नसे, म्हणून त्याचं हे नाव. त्याला तात्यांनी मऊ रबराचे कान बसवले होते आणि आत, पडद्याच्या जागी, आवाज मोजणारा सूक्ष्म मायक्रोफोन.

निकमशेठनी दुकानातली सर्वांत महाग जोडी काढली. किंमत सांगितली, मग आवाज वाढवला. क्रम लक्षात ठेवा. किंमत आधी कळली की माणसाचा कान अर्धा तयार होतो.

“बाप रे! काय भारी!” इरावती ओरडली.

“भारी की मोठा?” तात्यांनी विचारलं. “आवाज जरा मोठा केला की आपल्याला तो जास्त भरदार वाटतो, खोल स्वर तर विशेषच. शेठ, तुमचं बोट बटणावर होतं, बरं का.”

“तात्या, धंद्याला बसलोय, तपाला नाही!” निकमशेठ हसले. “मग कसं बघायचं म्हणता?”

“डोळे बांधून. अजून दोन जोड्या घेऊन, आणि तिन्हींचा आवाज सारखा करून.”

शेठचा रुमाल इरावतीच्या डोळ्यांवर गेला. घुम्यानं एकेक जोडी आधी स्वतःच्या कानात घालून तिचा आवाज मोजला, तिघींची पातळी सारखी केली. मग इरावतीचा कान हलकेच वर ओढून, पुडीतली तिच्या मापाची टोपी लावून, एकेक जोडी नीट आत बसवली.

“पहिलीत नुसता धमधमाट आहे, उजवा हात बुडतोय. दुसरी किरकिरते. तिसरी... अगंबाई! सरांचं मनगट सरकलेलं कळतंय! तात्या, हीच घ्यायची. किती महाग आहे?”

“पहिली सर्वांत महाग होती,” घुम्या म्हणाला. “दुसरी मधली. तिसरी तुझीच जुनी. फक्त टोपी मोठी.”

रुमाल खाली आला. इरावतीनं कानातले इअरफोन काढून उलटसुलट पाहिले. तिचेच होते.

“आता घरी घालतेस तशी घालून दाखव,” तात्या म्हणाले.

तिनं इअरफोन कानाच्या कडेला नुसते अडकवले. डग्गा गायब!

“अशी का अडकवतेस?”

“आईची हाक ऐकू यायला नको? पहिल्या हाकेला ओ दिली नाही, तर दुसरी हाक गल्ली ऐकते!”

तात्या पोटभर हसले. मग शेठकडून सायकलचा पंप मागून घेतला. त्याचा वायसर, म्हणजे आतली हवा अडवणारी चकती, झिजलेला होता. “पंपाच्या तोंडावर बोट धर. दांडा हळू दाब.”

“काहीच जोर येत नाही.”

“आता झटक्यात.”

“आला! बोटाला लागला.”

“हळू दाबलं की हवेला फटीतून निसटायला वेळ मिळतो. झटक्यात मिळत नाही. इअरफोनचा पडदाही तुझ्या कर्णनलिकेतली (कानाच्या भोकापासून पडद्यापर्यंतच्या बोळातली) हवा पुढेमागे ढकलतो. डग्ग्याची वारंवारता (एका सेकंदातली कंपनं) कमी, शंभराच्या आसपास. म्हणजे धक्के संथ. कडेला फट असली, की ते तिथून निसटतात. तबल्याच्या टणत्काराची कंपनं हजारांवर. ती निसटायच्या आत पोचतात.”

“म्हणजे डग्गा आईच्या हाकेसाठी ठेवलेल्या फटीतून पळत होता!”

“आणि फट बुजली की कमी आवाजातही सगळं ऐकू येतं. कानही टिकतात. रस्त्यावर मात्र असं घट्ट घालायचं नाही.”

“महागात मग काहीच नसतं का हो?” निकमशेठनी खिन्नपणे विचारलं.

“असतं की! मजबुती असते, कधी आवाजही सरस असतो. पण आधी माप, मग सारख्या आवाजात परीक्षा, आणि किंमत सगळ्यांत शेवटी. तुमच्या गिऱ्हाइकांना असंच दाखवा.”

निकमशेठनी गल्ल्यावर टोप्यांची बरणी ठेवली आणि शेजारी तो रुमाल. न फसलेलं गिऱ्हाईक भाऊबंदांना घेऊन परत येतं, हा हिशेब त्यांना कुणी शिकवायला नको होता.

आईनं नियम काही बदलला नाही. तिची हाक ऐकून इरावतीच्या खांद्यावर टिचकी मारायचं काम तेवढं घुम्याकडे आलं. मग रविवारपर्यंत इरावती ऐकत राहिली, वाजवत राहिली. मनगट कधी लवकर सरके, कधी सरकायचं राहून जाई, पण आता चूक तिला स्वतःला ऐकू येई.

रविवारी, कानात इअरफोन घट्ट बसवूनच, तिनं शेवटची थाप दिली. पडद्यावर सर स्तब्ध. आवाज संदेशातून चंद्रावर जायला सव्वा सेकंद लागतो, उत्तर यायला तेवढाच. एवढा लांब वेळ तिनं कधी अनुभवला नव्हता.

मग सरांची मान डोलली. “डाव्याला कंठ फुटला! साथीला तूच. आणि ऐक, दोन वर्षांनी मुलांचं पहिलं यान इकडे येतंय. समोर बसून वाजवायला येशील?”

इरावतीच्या तोंडून शब्द फुटायच्या आत खांद्यावर टिचकी पडली.

“तिसरी हाक झाली,” घुम्या म्हणाला. “पहिल्या दोन वेळी मीही तुझंच ऐकत होतो.”

“ओ, आई!” ती ओरडली. “आले! आणि सर, तिकडेही येते!”